उपसलेली तलवार

खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेऊन राजा विक्रम स्मशानातून चालला आहे. भोवती कवट्या, सरपटणारे साप, वेड्यावाकड्या फांद्यांचं झाड, अंधारातून डोकावणारी भुतावळ. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या कुणालाही हे चित्र डोळे मिटूनसुद्धा दिसतं. चित्रकाराचं पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. सही मात्र ‘शंकर’ एवढीच. मद्रासच्या कलाशाळेत देवीप्रसाद रॉयचौधुरींच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, ‘चांदोबा’ ज्याचा मराठी अवतार त्या ‘चंदामामा’त आला आणि आयुष्यभर तिथंच रमला. २०२० मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

या चित्राकडे मी आता चित्र म्हणून पाहतो तेव्हा आधी रेषा दिसते. स्मशानातलं जे जे आहे ते वळवळतं आहे. मुळं वळवळतात, साप वळवळतात, धूर आणि फांद्यासुद्धा एकमेकींत गुंतलेल्या. या सगळ्या गुंत्यात राजाचा देह तेवढा ताठ. मढ्याचं ओझं खांद्यावर असूनही पाठ वाकलेली नाही, पाऊल पुढं पडलेलं आहे, नजर सावध आहे. राजाच्या अंगावरचे दागिने, वस्त्राची चूण, कमरपट्टा हे सारं शंकरनी अगदी निगुतीनं काढलं आहे, कारण राजा राजासारखाच दिसला पाहिजे. सिंहासनावर बसलेला राजा कुणीही काढील. मध्यरात्री एकट्यानं हमालाचं काम करणारा राजा, आणि तरीही राजाच, हे काढणं अवघड.

आणि ती तलवार! महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षं ती उपसलेलीच राहिली. एकदाही खाली आली नाही. लहानपणी ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. वेताळ तर मेलेल्या माणसाच्या देहात शिरलेला. त्याला तलवारीनं मारायचं कसं? त्याचं हत्यार आहे प्रश्न. वाटेत तो एक गोष्ट सांगतो आणि शेवटी पेचात टाकतो: उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी चाललो झाडावर. दोन्हीकडून कोंडी. राजा दरवेळी खरं उत्तर देतो, दरवेळी हरतो, आणि दरवेळी परत झाडाकडे वळतो. तलवारीनं सुटेल असं या कथेत काहीच नाही, म्हणूनच ती हातात असूनही थांबलेली तलवार आपल्याला इतका ताण देते.

मूळ कथेत मात्र ती एकदा पडते. अकराव्या शतकात काश्मिरातल्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचलं त्यात हा सगळा प्रकार आहे, आणि त्यातला राजा आपल्या गोदावरीकाठचा. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा राजा त्रिविक्रमसेन. त्र्यंबकेश्वरी उगम पावून, नाशिकच्या घाटांना भिजवून जी नदी पुढं पैठणला जाते तिच्याच काठी ही कथा घडते, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. एके दिवशी माकडाच्या हातून ते फुटतं आणि आतून रत्न निघतं. त्या ऋणापोटी राजा मध्यरात्री शिंशपावृक्षावरचं प्रेत आणायला जातो. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तरच नसतं. तो पहिल्यांदाच गप्प राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो. तो राजाला सावध करतो: हा भिक्षू तुलाच बळी देणार आहे, तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘मला येत नाही, तुम्ही करून दाखवा’ असं म्हण. भिक्षू नमस्कार करून दाखवायला वाकतो आणि इतका वेळ थांबलेली तलवार त्या क्षणी, एकदाच, काम करते.

मांत्रिक आणि तलवार यांच्या कथांचा अख्खा एक प्रकार पुढं अमेरिकेत फोफावला. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन १९३२ साली एका मासिकातून अवतरला आणि १९७० पासून मार्व्हलच्या कॉमिक्समधून घराघरांत गेला. सुरुवातीला बॅरी स्मिथची नाजूक, वेलबुट्टीसारखी रेषा होती. पुढं जॉन ब्युसेमानं त्याला डोंगराएवढे खांदे दिले. ब्युसेमाच्या रेखांकनावर आल्फ्रेडो अल्काला शाई चढवत असे ती कृष्णधवल पानं तर खोदकामच वाटतात. ही चित्रं मला मनापासून आवडतात. पण कोननची तलवार म्हणजे त्याच्या दंडाचाच पुढचा भाग. राग आला की ती फिरलीच. मांत्रिक कितीही मोठा असो, शेवटच्या पानावर त्याची मान उडणार हे आपल्याला पहिल्या पानावर माहीत असतं. विक्रमाच्या गोष्टीत तसं काहीच माहीत नसतं. साहसकथेतलं शस्त्र जितका जास्त वेळ थांबू शकतं तितकी ती कथा वरच्या प्रतीची, असं माझं मत बनलं ते या दोन राजांना शेजारी ठेवून पाहिल्यावर. कोननही शेवटी राजाच होतो.

‘चांदोबा’त विक्रम-वेताळापलीकडेही तलवार आणि मंत्र भरपूर होते. १९४७ च्या जुलैत नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ काढलं, मराठी अवतार १९५२ चा. त्यातल्या क्रमशः कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम लिहीत. मूळ तेलुगूत ‘तोकचुक्क’, ‘मकरदेवता’, ‘मुग्गुरु मांत्रिकुलु’, ‘ज्वालाद्वीपम’ अशी त्यांची मालिकाच आहे. पडकी देवळं, समुद्रातली बेटं, राक्षसांच्या दऱ्या, धूमकेतू उगवला की कोसळणारी राज्यं. बहुतेकांना चित्रं होती ‘चित्रा’ यांची, म्हणजे टी. व्ही. राघवन यांची. शंकरची रेषा अलंकारिक, चित्रा यांची चपळ. त्यांची माणसं धावतात, पडतात, होडीतून उलटतात. अक्राळविक्राळ प्राणी काढतानाही ते त्याला वजन देत. पायाखालची वाळू दबलेली दिसायची. दर महिन्याला तीनचार चित्रं आणि मजकूर ऐन मोक्याला तोडलेला. मग महिनाभर आम्ही पुढचा भाग डोक्यात स्वतःच काढत बसायचो. आज एका रात्रीत सगळी मालिका पाहून संपवणाऱ्या मुलांना ती महिनाभराची थांबणूक कशी समजावून सांगावी कळत नाही. त्या थांबण्यातच निम्मी कथा घडत असे.

नाशिकच्या मुलाला या चित्रांत एक गंमत होती. गोष्ट उज्जैनची असो की पाटलीपुत्राची, मागं उभं राहायचं ते दाक्षिणात्य गोपूर. आमच्या डोळ्यांसमोरचा काळाराम म्हणजे काळ्या दगडाचं, घट्ट बांध्याचं, बेतशीर देऊळ. नारोशंकराच्या देवळावर तर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा. शौर्याची खूण म्हणून देवळात टांगलेली परक्या चर्चची घंटा! अशी वस्तू कोणत्याही चित्रकथेतल्या लेखकाला सुचली असती तर त्यानं तिच्यावर वर्षभर कादंबरी चालवली असती. आमच्या शहरात ती नदीकाठी रोजच्या वाटेवर होती. खालच्या घाटावर श्राद्धं चालत, पिंडाभोवती कावळे जमत, त्यामुळे ‘चांदोबा’तलं स्मशान आम्हाला परकं कधी वाटलंच नाही.

मग आला दुसरा वेताळ. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहानं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. ली फॉकचा १९३६ चा ‘फँटम’ मराठीत वेताळ झाला आणि जंगलातल्या कवटीच्या गुहेत राहू लागला. स्मशानातल्या वेताळाशी त्याचं काही नातं नाही, पण मुलांच्या मनात दोघं एकाच झाडावर राहायचे.

या वेताळाची मूळकथा पक्की समुद्री चाच्यांची आहे. सोळाव्या शतकात चाचे एक जहाज लुटतात, एकटा जीव किनाऱ्याला लागतो, बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन शपथ वाहतो, आणि पिढ्यान् पिढ्या एकामागून एक मुलगा तोच पोशाख घालतो. आपण वाचतो तो एकविसावा. पूर्वजांच्या कथा गुहेतल्या जाडजूड बखरींत लिहिलेल्या. त्या उघडल्या की तलवारी, शिडाची जहाजं, किल्ले सुरू होतात. बखर मिटली की पुन्हा विमानं, रेडिओ, गस्ती दल. एकाच नायकात तलवारीचा काळ आणि बंदुकीचा काळ दोन्ही बसवण्याची ही युक्ती ली फॉकची, आणि मला ती त्याची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

चित्रांत मात्र माझा कौल साय बॅरीला. त्याच्या आधी रे मूर होता, विल्सन मॅकॉय होता. मॅकॉयची माणसं भाबडी, लाकडी बाहुल्यांसारखी. त्यांचाही एक गोडवा आहे. बॅरी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि त्यानं जंगलात काळोख आणला. त्याची काळी शाई जागच्या जागी पडते: पानांच्या मागं, सिंहासनाच्या खाली, घोड्याच्या पोटाशी. त्या काळोखातून मुखवट्यातले दोन पांढरे डोळे दिसतात. बुबुळं नाहीत. चेहरा कधीच पूर्ण दिसत नाही. नायकाचा चेहरा लपवून वाचकाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्याच्याकडे पाहायला लावणं ही साधी गोष्ट नव्हे. या वेताळाच्या कमरेला दोन पिस्तुलं आहेत आणि ती बहुधा समोरच्याच्या हातातलं हत्यार उडवण्यापुरती झडतात. जीव घेणं तो टाळतो. इथंही शस्त्राला थांबायला शिकवलेलं आहे.

वाचताना एक ठेका जाणवायचा, त्याचं कारण पुढं कळलं. ही मुळात रोजच्या वर्तमानपत्रातली तीन-चार चौकटींची पट्टी. त्यामुळे पहिली चौकट कालची आठवण करून देणार, शेवटची उद्यासाठी काहीतरी टांगून ठेवणार. ‘इंद्रजाल’नं या पट्ट्या कापून-जोडून पानं केली, कुठं चित्राच्या कडा छाटल्या गेल्या, कुठं फुगे हलले. तरी मूळचा ठोका राहिलाच. दर तिसऱ्या-चौथ्या चौकटीला कथा श्वास घेते आणि पुन्हा धावते. मधूनच जंगलातली एखादी जुनी म्हण येते, वेताळाच्या क्रोधाविषयी किंवा त्याच्या झोपेविषयी, आणि सबंध प्रसंगाला लोककथेचा रंग चढतो.

लष्करी कथा म्हणून पाहिलं तर गस्ती दलाची कल्पना अप्रतिम आहे. दलाचा प्रमुख वेताळच, पण हे खुद्द दलालाच माहीत नाही. मुख्यालयात एक जुनी तिजोरी. हुकूम तिच्यात सापडतात, अहवाल तिच्यात ठेवायचे. तिजोरीचा तळ एका भुयारात उघडतो आणि भुयार जंगलातल्या कोरड्या विहिरीत. कर्नल वीक्ससारखा शिस्तीचा अधिकारी आयुष्यभर न पाहिलेल्या माणसाचे हुकूम पाळतो. सैन्यात हुकूम माणसाचा नसतो, पदाचा असतो. हे एवढ्या सोप्या वस्तूतून दाखवणारा लेखक मला दुसरा आठवत नाही. हे दल सहाव्या वेताळानं शरण आलेल्या चाच्यांतून उभं केलं, हाही त्या कथेतला सुंदर धागा.

पण आज वाचताना एक गोष्ट बोचते आणि ती बोलायलाच हवी. आफ्रिकेच्या जंगलात एक गोरा माणूस सिंहासनावर बसतो आणि काळी माणसं त्याच्या न्यायावर विसंबतात, ही रचना वसाहतीच्या काळातली आहे. भारतीय आवृत्तीनं नावं बदलली, देशाचं ‘डेंकाली’ केलं, पण रचना तीच राहिली. फॉकलाही काळ बदलल्याचं भान होतं. त्यानं पुढं डॉक्टर लमांडा लुआगा हा निवडून आलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष आणला, सत्ता बळकावू पाहणारा जनरल आणला, आणि गस्ती दलाचा कर्नल म्हणून वोरुबू हा काळा अधिकारी नेमला. आणि नीट पाहिलं तर प्रत्येक संकटात वेताळाचा जीव वाचतो तो त्याचा मित्र गुरन याच्या बुटक्या बांदर लोकांच्या विषारी बाणांच्या धाकामुळे. जंगलाचं खरं सैन्य तेच आहे. पुढच्या वेळी वाचाल तेव्हा चौकटीच्या मधल्या जांभळ्या आकृतीऐवजी कडेच्या झाडीत पाहा.

‘इंद्रजाल’मधलाच बहादूर १९७६ चा. आबिद सुरतींची कल्पना, गोविंद ब्राह्मणिया यांची चित्रं. भगवा कुर्ता, खाली जीन्स. डाकूचा मुलगा आणि डाकूंविरुद्धच उभा. त्यानं गावकऱ्यांना शिकवून नागरिक सुरक्षा दल उभारलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेणाऱ्या वेताळापेक्षा हा मला मोठा वाटतो. चित्रांची सफाई बॅरीइतकी नाही, पण धूळ, बाभळी, ट्रॅक्टर, जीपगाडी हे सगळं आपलं आहे.

‘अमर चित्र कथे’बद्दल मी थोडकंच म्हणेन. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेतला ‘शिवाजी’ भा. रा. भागवतांनी लिहिला आणि प्रताप मुळीकांनी काढला. ‘फास्टर फेणे’च्या लेखकाची चपळ लेखणी आणि मुळीकांची घोड्यांवरची हुकमत असा योग तिथं जुळून आला. पण बत्तीस पानांत अख्खं आयुष्य बसवायचं म्हणजे प्रत्येक लढाईला दोनचार चौकटी. वाट पाहायला जागाच नाही. चरित्र म्हणून ते चोख आहे. साहसकथा म्हणून मला ते अपुरं वाटतं.

लष्करी चित्रकथांचा खरा खजिना आम्हाला देवळालीनं दिला. तिथल्या छावणीमुळे कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत इंग्रजी ‘कमांडो’चे अंक यायचे. डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीनं १९६१ मध्ये सुरू केलेली ही खिशात मावणारी पुस्तकं: साठेक पानं, पानाला दोन-तीन चौकटी, आत सगळं काळंपांढरं, मुखपृष्ठ तेवढं भडक रंगांत. काढणारे इटलीचे, स्पेनचे, अर्जेंटिनाचेही. वर्षानुवर्षं त्यांची नावं अंकावर छापली जात नसत. इंग्रजी आम्हाला अर्धंच कळायचं. चित्रं पुरायची.

या अंकांना पुष्कळ लोक युद्धाची जाहिरात म्हणून झटकून टाकतात. मी मान्य करणार नाही. जर्मन आणि जपानी सैनिक तिथं ठोकळेबाज आहेत, हा दोष खराच. पण ‘कमांडो’चा आवडता विषय शौर्यापेक्षा भीती आहे. एका तुकडीत दोघांचं वैर असतं, कारण एक दुसऱ्याला भ्याड समजतो. वाळवंटात किंवा ब्रह्मदेशच्या जंगलात त्यांना एकत्र अडकावं लागतं आणि भ्याड कोण हा निवाडा गोळीबारात होतो. अनेकदा भलताच होतो. चित्रकार मग काय करतात? गोळी सुटण्याआधीचा चेहरा जवळून काढतात. हेल्मेटच्या कडेची सावली डोळ्यांवर, ओठ आवळलेले, हनुवटीवर घाम. पुढच्या चौकटीत स्फोट असतो आणि तो आपण भराभर उलटतो. लक्षात राहतो तो आधीचा चेहरा.

अशा अंकांत माझ्या मनानं नेहमी एक न निघालेला अंक जोडला आहे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये. गाव निमज, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, म्हणजे आमचे शेजारीच. पलीकडच्या बांधावर चढताना त्यांची तुकडी जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमींना, एकेकाला उचलून, खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं, आणि मग परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खांद्यावर माणूस घेऊन मृत्यूच्या पट्ट्यातून चालणारा माणूस! शंकरचं चित्र मला दुसऱ्यांदा भेटलं ते या शौर्यपत्रात. इथं खांद्यावरचा देह जिवंत आहे एवढाच फरक.

आता असाच आणखी एक न निघालेला अंक: रामशेज. नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्त्याजवळ आशेवाडीच्या डोक्यावर बसलेला हा बेताच्या उंचीचा किल्ला. दख्खनेत उतरल्यावर औरंगजेबानं १६८२ मध्ये त्याला वेढा घातला. काही महिन्यांत संपेल असं वाटलेला वेढा वर्षानुवर्षं चालला. याची हकिगत मराठ्यांच्या बखरकारानं लिहिली असती तर कुणी फुगवलेली म्हटली असती. ती लिहिली आहे खाफीखानानं, मोगलांच्या बाजूच्या इतिहासकारानं. तो सांगतो, गडावर लोखंडी तोफ नव्हती. मराठ्यांनी लाकडं पोखरली, कातड्यानं मढवली आणि त्यांच्याच तोफा केल्या. एकेक तोफ दहा तोफांचं काम करू लागली. शहाबुद्दीनखानानं वेढ्यासाठी लाकडी दमदमा उभारला, तरी गड हलला नाही. मग खानजहान बहादूर कोकलताश आला. त्यानं रात्री एका बाजूला गलबला करून दुसऱ्या बाजूनं माणसं गुपचूप वर चढवली. वरच्यांनी डाव ओळखला, दबा धरून बसले आणि चढणारे तटाला भिडताच त्यांच्यावर तुटून पडले.

आणि तेव्हा मोगलांच्या छावणीत मांत्रिक आला. भुतांवर सत्ता चालवतो म्हणून त्याची ख्याती. त्यानं सांगितलं, मला शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून द्या. तो हातात धरून मी पुढं चालतो, तुमची फौज थेट दरवाजापर्यंत नेतो. नाग घडवला गेला. मांत्रिक फौजेच्या अग्रभागी चढू लागला. निम्म्या वाटेवर गडावरून गोफणीचा एक गुंडा सणसणत आला आणि त्याच्या छातीवर बसला. नाग उडून पडला, मांत्रिक कोसळला, फौज माघारी फिरली.

मला या प्रसंगाच्या चौकटी दिसतात. पहिली रुंद, पानभर: रणरणत्या उन्हात चढणारी हजारोंची फौज आणि तिच्या टोकाला लकाकणारा पिवळा ठिपका. दुसरीत नुसता नाग, खवले एकेक. तिसरीत तट, कडेला टेकून बसलेली माणसं. कुणी बोलत नाही. चौथीत एका माणसाचा हात, त्यात गोफण, दगड अजून सुटलेला नाही. ही चौकट उंच हवी, एकटी हवी, आणि तिच्यात शब्द नको. त्या हाताच्या मालकाचं नाव खाफीखानाला ठाऊक नव्हतं आणि आपल्यालाही नाही. कुणी असेल आशेवाडीचा गुराखी, शेतात पाखरं राखून नेम साधलेला. पाचवीत दगड लागतो. ती लहान चालेल. सहावीत सोन्याचा नाग दगडांत पडला आहे आणि त्याच्याकडे बघायला कुणालाही वेळ नाही.

शंकर, बॅरी आणि डंडीचे ते निनावी चित्रकार यांच्याकडून शिकण्यासारखं जे आहे ते सगळं या सहा चौकटींत लागतं. रामशेजचा शेवट मांत्रिकानं झाला नाही आणि तोफेनंही नाही. पुढं १६८७-८८ च्या सुमारास तो पैशानं, फितुरीनं मोगलांकडे गेला. हाही भाग गाळू नये. चित्रकथांना वाईट शेवटाचं वावडं असतं, पण ‘कमांडो’च्या चांगल्या अंकांनी ते कधी मानलं नाही. आज नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र आहे आणि देवळालीला तोफखान्याची शाळा. लाकडाच्या तोफांची ही गोष्ट तिथं शिकायला येणाऱ्या प्रत्येक जवानाच्या हातात चित्रांत पडावी असं मला फार वाटतं.

म्हणून नाशिकच्या चित्रकला महाविद्यालयांतल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. माळ्यावर, आजोळच्या पेटीत ‘चांदोबा’ आणि ‘इंद्रजाल’चे अंक असतील तर रद्दीत जाऊ देऊ नका; शंकर आणि ‘चित्रा’ यांची पानं समोर ठेवून हात बसवा. आणि मग वही घेऊन रामशेजवर जा. शहरापासून पंधराएक किलोमीटर, आशेवाडीतून तासाभराची चढण आहे. पाण्याची टाकी, दरवाजा, तट सगळं जागेवर आहे, आणि गोफण फिरवायला माणूस कुठं उभा राहिला असेल तेही तटावर उभं राहिलं की नजरेत भरतं. ती गोष्ट तुम्ही काढायची आहे.